‘पिन तुम्हीच दिला असेल’: बँकेचा पहिला संशय आपल्यावरच का?

खात्यातून पैसे गेल्याची तक्रार घेऊन गरीब माणूस बँकेत उभा राहिला की काचेच्या आतून पहिले वाक्य ठरलेले येते: ‘पिन तुम्हीच कोणाला तरी दिला असेल.’ अजून कोणी कागद पाहिलेला नसतो, पैसे कोणत्या एटीएममधून निघाले ते तपासलेले नसते, पण दोषी कोण हे ठरून गेलेले असते. बाभुळगाव तालुक्यात गेली काही वर्षे लोकांसोबत बँकांच्या पायऱ्या चढताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते कोणत्या शाखेचे, कोणत्या साहेबाचे, हा प्रश्न आता माझ्यासाठी उरलेला नाही. ते व्यवस्थेचे वाक्य आहे. उद्धट तर ते आहेच, शिवाय रिझर्व्ह बँकेच्या लेखी नियमाच्या थेट उलट आहे. आपल्या कार्यकर्त्यांना हे माहीत नसते, म्हणून हा लेख.

एक प्रकरण सांगतो. २०१८ चा पावसाळा. तालुक्यातल्या एका गावातील शेतमजूर ताई, घर रमाई आवास योजनेतले. जोत्याचे काम पूर्ण झाले, की फोटो काढून पुढचा हप्ता, असा हिशेब होता. आलेला हप्ता जनधन खात्यात जमा झाला आणि त्यातले वीस हजार रुपये दोन दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या एटीएममधून निघाले. ताई नागपूरच्या पुढे कधी गेलेल्या नाहीत. कार्ड पत्र्याच्या पेटीत, पासबुकाच्या प्लास्टिक पिशवीत. त्यांनी ते बँकेत काढून दाखवले. ‘कार्ड तं माह्याजवळच हाय साहेब, मंग पैसे कोणं काढले?’ साहेब म्हणाले, मशीन खोटे बोलत नाही, कार्ड आणि पिन असल्याशिवाय पैसे निघतच नाहीत, पोराने काढले असतील, त्याला विचारा. पोरगा तेव्हा अकरावीत होता. त्या रात्री त्या घरात काय झाले ते मी लिहीत नाही. बाहेरचा चोर शोधणे बँकेचे काम होते. तिने घरातच एक चोर बसवून दिला.

मशीन खोटे बोलत नाही हे वाक्य आपण नीट तपासले पाहिजे, कारण ते विज्ञानाच्या भाषेत बोलले जाते आणि आपण विज्ञानवादी माणसे, लगेच गप्प बसतो. त्या काळातल्या जनधनच्या पुष्कळ कार्डांना मागे फक्त काळी चुंबकीय पट्टी होती, चिप नव्हती. पट्टीवरची माहिती म्हणजे जुन्या कॅसेटवरच्या गाण्यासारखी, वाचता आली की उतरवता येते. एटीएमच्या ज्या फटीत कार्ड जाते तिच्यावर चोर एक बारीक वाचनयंत्र बसवतो, वर कुठेतरी बटनांकडे रोखलेला लहान कॅमेरा लावतो. तुम्ही पैसे काढून निघून जाता. तुमच्या पट्टीची नक्कल कोऱ्या कार्डावर उतरते, पिन कॅमेऱ्यात आलेला असतो. मशीनला खरे कार्ड आणि नकली कार्ड यांतला फरकच कळत नाही. म्हणजे मशीन खोटे बोलत नसेल, पण फसते. आणि हे रिझर्व्ह बँकेला चांगले ठाऊक होते. म्हणून तर तिने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सगळी पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे द्या असा आदेश बँकांना दिला होता. ज्या कार्डाला देशाची मध्यवर्ती बँक असुरक्षित मानून बाद करते, त्याच कार्डावर गेलेल्या पैशासाठी शाखेचा साहेब अकरावीच्या पोराकडे बोट दाखवतो.

त्याच ऑगस्ट महिन्यात पुण्यात काय घडले ते आठवा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. १९०६ साली स्थापन झालेल्या, शहरी सहकारी बँकांमध्ये मोठे नाव असलेल्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत हॅकर घुसले. कार्ड मशीनमध्ये गेले की ‘पैसे द्यायचे का’ हा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो आणि तिथून होकार आला की नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी मध्येच स्वतःचा खोटा होकार देणारा बसवला. खात्यात पैसे आहेत की नाहीत हे न पाहताच प्रत्येक मागणीला ‘हो’. २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांवर काही तासांत पैसे उपसले गेले. भारतातही नकली रुपे कार्डे चालली, अगदी आपल्या कोल्हापूरच्या एटीएमवरसुद्धा. १३ ऑगस्टला आणखी जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

या ९४ कोटींसाठी कोणत्या ग्राहकाने कोणाला पिन दिला होता? कोणीही नाही. तेव्हा बँकेने सांगितले की हा आंतरराष्ट्रीय सायबर हल्ला आहे, ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत, काळजी नसावी. बरोबरच सांगितले. तज्ज्ञ बोलावले गेले, विशेष तपास पथक नेमले गेले. मला त्यात काही खटकत नाही. मला खटकते ते हे की बँक लुटली गेली की तो ‘हल्ला’ असतो आणि बाभुळगावची बाई लुटली गेली की तो ‘निष्काळजीपणा’ असतो. चोरीची रीत तीच, कार्डाची नक्कल. शब्द मात्र माणूस पाहून बदलतो.

त्याच्या दोन वर्षे आधीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये देशाला कळले की सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटली आहे. एकट्या स्टेट बँकेने सहा लाखांच्या आसपास कार्डे बंद केली. ज्या कंपनीच्या यंत्रणेतून अनेक एटीएम चालत होते त्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसने फेब्रुवारी २०१७ मध्ये कबूल केले की २०१६ च्या मे ते जुलै या काळात आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती. तारखा जुळवून पाहा. घुसखोरी मे महिन्यात, लोकांना कळते ऑक्टोबरात. मधल्या महिन्यांत ज्यांचे पैसे गेले आणि जे बँकेत गेले, त्यांनाही हेच ऐकावे लागले असणार: पिन तुम्हीच दिला असेल.

आता नियम काय आहे ते पाहू. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत परिपत्रक काढले. ते व्यापारी बँकांना आणि ग्रामीण बँकांना लागू झाले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये आले. त्यात म्हटले आहे की चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तक्रार कधीही केलेली असो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तरीही शून्य. चार ते सात दिवस लागले तर जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यावर एका व्यवहारामागे जास्तीत जास्त पाच हजारांचा भार ग्राहकावर, साध्या बचत खात्यावर दहा हजारांचा. त्यापुढे बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचे: ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा माझाच विश्वास बसेना, आणि का बसेना याचा मी नंतर बराच विचार केला. आपल्या समाजाचा शासनाशी जो काही संबंध आला तो पुरावा देण्याचाच आला. जातीचा दाखला पाहिजे, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. दाखला मिळाला, पडताळणी करा. शिष्यवृत्ती पाहिजे, उत्पन्नाचा दाखला आणा. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काय लिहिले आहे, यावर नातवाची मेडिकलची जागा टांगलेली असते. तीन पिढ्या असे गेल्यावर पुरावा आपणच द्यायचा असतो हे अंगात मुरते. मग बँकेचा साहेब ‘सिद्ध करा’ म्हणतो तेव्हा आपण निमूट घरी येऊन पुरावा शोधू लागतो. सिद्ध त्याने करायचे आहे, हे मनातही येत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात वर्चस्व म्हणजे काय ते मी पुस्तकातून शिकलो होतो. ते नेमके कसे चालते हे बँकेच्या रांगेत दिसले.

दिवसांच्या मोजणीतही असाच घोळ घातला जातो. नियमातले तीन दिवस बँकेचा संदेश ग्राहकाला मिळाल्यापासून मोजायचे आहेत. शाखेत ते सर्रास पैसे गेल्याच्या तारखेपासून मोजतात. आता आपल्या गावांत खात्याला कोणाचा नंबर जोडलेला असतो? खाते उघडून देणाऱ्या पोराचा, पुण्याला कामाला गेलेल्या भाच्याचा, नाहीतर रिचार्ज संपून कधीच बंद पडलेला. वरच्या प्रकरणातल्या ताईंना पैसे गेल्याचे पासबुक भरून घेतले तेव्हा कळले. बँकेने ‘उशिरा आलात’ म्हटले, आम्ही लेखी विचारले की संदेश कोणत्या नंबरवर, किती वाजता पोचला त्याची नोंद दाखवा. त्या प्रश्नाचे उत्तर आजतागायत आलेले नाही. एटीएममधले चित्रीकरण मागितले, तर ते पुसले गेले म्हणे. पण त्या दोन कागदांनंतर खिडकीवरची भाषा बदलली आणि बँकिंग लोकपालाकडे तक्रार गेल्यावर पाचव्या महिन्यात वीस हजार जमा झाले. सोबत एक पत्र होते. ‘सद्भावना म्हणून’ रक्कम देत आहोत, असे त्यात लिहिले होते.

ते पत्र ताईंना आनंदाचे वाटले, मला नाही. नियमाने जे द्यायचे होते तेच पाच महिने उशिरा देऊन बँक वर उपकाराचे लेबल लावते. हक्काला दयेचे रूप देण्याची ही रीत आपल्या समाजाने फार पाहिली आहे. आणि दया मागणाऱ्याचा अर्ज पुढच्या वेळी नाकारताही येतो. मी त्यांना पत्र जपून ठेवायला सांगितले आणि ‘नियमानुसार’ असा शब्द वापरून पोच देणारा अर्ज त्यांच्याच सहीने दिला. त्या सही करतात, अंगठा देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे, कारण पुढचा मुद्दा अंगठ्याचाच आहे.

आता कार्डे चिपची झाली, नक्कल अवघड झाली. पण आपल्या गावांत कार्ड वापरतो कोण? एटीएम तालुक्याला किंवा यवतमाळला, तेही अर्धा वेळ कोरडे. संजय गांधी निराधारचे, श्रावणबाळचे, लाडक्या बहिणीचे पैसे लोक गावातल्या केंद्रावर आधार आणि अंगठा लावून काढतात. या पद्धतीत आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढेच लागते. पिन नाही, ओटीपी नाही. केंद्रावरचा माणूस म्हणतो, ‘आजी, अंगठा लागला नाही, अजून एकदा ठेवा.’ पहिल्यांदाच लागलेला असतो. दोनदा पैसे निघतात, एकदाचे हातात येतात. पावती मागितली तर प्रिंटर बंद. दुसरीकडे जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरून बोटांचे ठसे उचलून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवल्याची प्रकरणे देशात अनेक ठिकाणी पोलिसांनी पकडली आहेत. कार्ड फुटले तर बदलता येते, पिन फुटला तर नवा टाकता येतो. बोट कुठून बदलणार?

यावर सरकारी सल्ला असा की आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. सल्ला देणाऱ्याने रेशनच्या दुकानात कधी रांग लावलेली दिसत नाही. बायोमेट्रिक लॉक केले की रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. आधी अ‍ॅपमध्ये जाऊन उघडा, मग धान्य घ्या, मग पुन्हा बंद करा. ज्या आजीकडे साधा फोनही नाही तिने हे करायचे. न केल्यास, अर्थातच, निष्काळजीपणा तिचा.

काही महिने तर असे होते की कोणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सावध राहायला सांगत. ओटीपी देऊ नका हे खरेच आहे, मीही प्रत्येक बैठकीत सांगतो. पण चोवीस तास एवढेच सांगत राहिल्याने लोकांच्या मनात एक समीकरण पक्के झाले: पैसे गेले म्हणजे यानेच काहीतरी वेडेपणा केला. मग माणूस लाजेने कोणाला सांगत नाही आणि नियमातले तीन दिवस लाजेतच निघून जातात. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त अधिकारी आणि डॉक्टर यांनी आयुष्यभराची पुंजी घालवली, त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही. ‘अडाणी’ हा शब्द कोणासाठी राखून ठेवला आहे ते आपल्याला माहीत आहे.

पैसे शोधायला बँकेजवळ यंत्रणा नाही, असेही नाही. कापायला ती कशी चालते पाहा. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आशिष दास यांनी अभ्यास करून दाखवले की मूलभूत बचत खातेदारांनी महिन्यातून चारपेक्षा जास्त वेळा व्यवहार केला की स्टेट बँक प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे कापत होती, आणि २०१५ ते २०२० या काळात अशा सुमारे १२ कोटी खात्यांतून ३०० कोटींच्या वर रक्कम गोळा झाली. किमान शिल्लक नसल्याच्या दंडाचेही तसेच. २०२४ मध्ये लाडकी बहीणचा पहिला हप्ता आला तेव्हा जुन्या शुल्कापोटी तो कापल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि सरकारला बँकांना तंबी द्यावी लागली. सतरा रुपये सत्तर पैसे न चुकता सापडतात, वीस हजार कोणी नेले ते सापडत नाही.

इथे बँकेतल्या कर्मचाऱ्यांबद्दल बोलले पाहिजे, कारण त्यांच्यात आपली पोरे-पोरी आहेत. आरक्षणातून लागलेली, भीम जयंतीला वर्गणी देणारी. शाखेत माणसे कमी, रांग दारापर्यंत, वरून विमा विकण्याचे टार्गेट. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही हे मला मान्य. पण त्यांना एक विचारायचे आहे: २०१७ चे परिपत्रक तुम्हाला माहीत आहे, मग ते खिडकीच्या या बाजूला का येत नाही? निदान तक्रार क्रमांक लगेच द्या. ‘आधी पोलिसांचा एफआयआर आणा’ असे सांगून माणसाला ठाण्यात पाठवू नका, कारण तक्रार नोंदवण्याआधी एफआयआर हवा अशी अट त्या परिपत्रकात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे काय हे तुम्हाला शिकवावे लागू नये, तुमच्या आईने पाडले आहेत ते.

आणि आता आपल्याबद्दल. आपल्या प्रत्येक भाषणात येते की बाबासाहेबांच्या विचारांवर रिझर्व्ह बँक उभी राहिली. टाळ्या पडतात, पुढचा वक्ता येतो. १९२३ साली प्रसिद्ध झालेला ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध टाळ्यांतले किती जण उघडतात? १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी चलनाच्या दराचा प्रश्न मजुरीपर्यंत आणून भिडवला होता: रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला नफा होतो, पण तो नफा महागाईत घटलेल्या मजुरीतून येतो. चलनासारख्या कोरड्या विषयात ‘यात मजुराचे काय होते’ हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. आपण अभिमानाने त्या बँकेचे नाव घेतो आणि तिच्याच नियमाचा एक कागद घेऊन शाखेत जायला आपल्याकडे माणूस नसतो. मोर्चाला शंभर दुचाक्या निघतात. बँकेत एका म्हातारीसोबत जायचे म्हटले की सगळ्यांना कामे असतात. मोर्चे बंद करा असे मी म्हणत नाही. पण ज्या लढ्यात फोटो नाही तो लढाच नाही, अशी सवय आपल्याला लागली आहे.

करायचे काम फार अवघड नाही. पैसे गेल्याचे कळताच १९३० वर फोन करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम मधल्या खात्यात अडवता येते. त्याच दिवशी कार्ड बंद करायला लावा आणि शाखेत लेखी तक्रार देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नाही तर तक्रार नाही, हे घोकून घ्या. अर्जात ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख हवा, दहा दिवसांत रक्कम खात्यात दाखवण्याची मागणी हवी आणि संदेश कोणत्या नंबरवर गेला हा प्रश्न हवाच. एटीएममधून नोटा आल्याच नाहीत पण खात्यातून कापल्या, असे झाले तर नियम वेगळा आहे: पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता. ती कोणाला न मागता मिळाल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा फेटाळले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ पासून त्यासाठी एकच योजना आहे, फी नाही, वकील नाही, १४४४८ वर माहिती मिळते. तिथेही न्याय मिळाला नाही तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि एवढ्या लहान रकमांसाठी तिथे शुल्कही लागत नाही. हे सगळे कागदावरचे आहे, असे कोणी म्हणेल. ३ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने काय केले ते त्याला सांगा. आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४ हजार रुपये गेले होते, त्याने २४ तासांत कळवले होते. बँकेचे तेच म्हणणे, माहिती यानेच दिली असेल. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला पैसे द्यायला लावले, स्टेट बँक सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे तिची याचिका फेटाळली गेली. ९४ हजारांसाठी देशातली सगळ्यात मोठी बँक दिल्लीपर्यंत लढते. मग वीस हजारांसाठी आपण बाभुळगावहून यवतमाळपर्यंत जायला काय हरकत आहे?

तक्रारीचा मराठी नमुना आम्ही तयार केला आहे, एका पानाचा, मोकळ्या जागा भरायच्या. त्याच्या झेरॉक्स प्रती विहारात वंदनेच्या पुस्तकांशेजारी ठेवतो. रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास फक्त पासबुके पाहायची, कोणाचे काय कापले, कोणाचा नंबर बंद आहे ते लिहून घ्यायचे, असे सुरू केले आहे. पहिल्या रविवारी सोळा पासबुके आली. त्यातल्या नऊ खात्यांना जोडलेला मोबाइल नंबर खातेदाराचा नव्हता.